पठारावरची खोटी वाट

दोघा भावांचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं, हे त्यांच्या गल्लीत कुणाला वेगळं सांगावं लागत नसे. सकाळी दात घासताना जे सुरू व्हायचं ते झोपेपर्यंत. थोरला म्हणाला पाऊस येणार, की धाकटा मुद्दाम कपडे बाहेर वाळत घालणार. धाकट्याला सगळे बारक्या म्हणत, अंगाने थोरल्याच्या दीडपट असूनही. आई दोघांच्या मधे चहाचे कप ठेवायची आणि म्हणायची, "भांडा, पण कप फोडू नका." वडील गेल्यापासून त्या घरात जो काही आवाज होता तो या भांडणाचाच. घर गप्प झालं की आईलाच चैन पडत नसे.

थोरला नोकरीला होता नकाशांच्या कंपनीत. डोंगर चढणारे लोक हातात ते छोटं जीपीएस यंत्र घेऊन फिरतात ना, त्यात घालायचे नकाशे ही कंपनी विकायची. थोरल्याचं काम तुलनेचं. पडद्यावर तीन नकाशे शेजारी शेजारी उघडायचे. एक सरकारी, त्यात उंची अगदी चोख, पण वाटा आजोबांच्या काळातल्या. दुसरा त्यांच्या कंपनीचा, विकतचा. तिसरा फुकटचा, हौशी लोकांनी स्वतः चालून, यंत्रात नोंद करून, सगळ्यांनी मिळून काढलेला. कुठे ओढा सरकलाय, कुठे वाट मोडलीय, हे डोळ्यांत तेल घालून बघायचं.

या कामाच्या पोटात आणखी एक काम होतं, आणि ते बाहेर बोलायची सोय नव्हती. कंपनी आपल्या नकाशात एक खोटी वाट घालून ठेवायची. कुणी फिरकत नाही अशा एखाद्या पठारावर छोटीशी तुटक रेघ, झुडपात जाऊन संपणारी. कुणाचं काही अडणार नाही अशी. ऑफिसात तिला सापळा म्हणत. तीच रेघ दुसऱ्या कुणाच्या नकाशात दिसली, की समजायचं, चोर सापडला. ही भानगड बाहेर फोडली की नोकरी गेली, असं थोरल्याने पहिल्याच दिवशी सही करून दिलं होतं. गावामागच्या डोंगरावरचा सापळा तर त्याच्या डोळ्यांदेखत काढलेला. शेजारच्या टेबलावरच्या बाई रेघ ओढत होत्या, मधेच त्यांना शिंक आली, हात हलला आणि रेघेला एक बेढब वळण पडलं. "राहू दे," त्या नाक पुसत म्हणाल्या होत्या, "खोट्याला काय वळण अन् काय बिनवळण!"

एका दुपारी ती रेघ, शिंकेच्या वळणासकट, थोरल्याला फुकटच्या नकाशात दिसली.

त्याला असा आनंद झाला की विचारू नका. कारण त्या हौशी मंडळींचा म्होरक्या होता आपला बारक्या. "तुम्ही खुर्चीत बसून रेघा मारता, आम्ही पायांनी चालतो," हे त्याचं रोजचं पालुपद. आता त्याला चांगलंच पाणी पाजता येणार होतं! साहेब म्हणाले, "त्या जागी जा, फोटो काढ. तिथे वाट नाही हे दिसलं पाहिजे. तोवर तोंडाला कुलूप."

एक गोष्ट मात्र त्याला खटकली. कंपनीची रेघ झुडपात संपत होती. फुकटच्या नकाशात ती पुढे गेली होती. सारख्या उंचीच्या रेषा जिथे एकमेकींना चिकटतात तिथे कडा असतो, हे त्याच्या धंद्यात शेंबडं पोरही सांगेल. ती तुटक रेघ त्या चिकटलेल्या रेषा सरळ ओलांडून दरीत उतरत होती. नक्कल करणारा असा पुढे कशाला जाईल? कड्यापाशी यंत्राला उपग्रह नीट सापडत नाहीत, रेघ भरकटते, असं त्याने स्वतःला समजावलं आणि संगणक बंद केला.

जेवताना त्याने विषय काढलाच. "त्या पठारावरची वाट खोटी आहे."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो."

"मग तुमच्या नकाशात कशी?"

थोरल्याने नजर ताटाकडे वळवली. "असेल काहीतरी चूक."

"आई, ऐकलंस का? यांच्या कंपनीची चूक! कॅलेंडरवर लिहून ठेव." बारक्या ताटावरच हसायला लागला. "अरे, आमच्याकडे ती वाट कुणीतरी चालून नोंदवलीय. एकदा नाही, रोज कुणीतरी नोंदवतंय."

"कोण?"

"नाव दिलेलं नाही. पण चालतंय ना? चल उद्या. खोटी निघाली तर जन्मभर 'दादा, तुझं बरोबर आहे' म्हणत तुझ्या मागे फिरेन. बस?"

आईने भाताचं पातेलं खाली ठेवलं. "दोघं जाताय, दोघं या," ती थोरल्याकडे बघत म्हणाली. "एकटा आलास तर दार उघडायची नाही मी."

त्यांचं घर गावाच्या अगदी टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी. सकाळी दोघे मागच्या दारानेच चढायला लागले. दोघांच्या गळ्यात एकाच जातीची यंत्रं होती, बिनतारी जोडलेली. एकाच्या पडद्यावर दुसरा कुठे आहे ते छोट्या त्रिकोणाने दिसायचं, चार शब्दांचा निरोपही पाठवता यायचा. चढताना भांडण चालूच. कुठल्या दगडावर पाय ठेवावा, पाणी कधी प्यावं, कशावरूनही. डोंगर तसा ओळखीचा, पण त्या दिवशी तो दोघांवर खार खाऊन असल्यासारखा वागत होता. काटे कपड्यांना धरत होते, पायाखालचा दगड ऐन वेळी निसटत होता, आणि एकही पाखरू ओरडत नव्हतं.

पठारावर पोचले आणि भर दुपारी धुकं आलं. दरीतून वर चढत आलं आणि दहा पावलांपलीकडचं दिसेना असं दाट झालं. वारा पडला. वर्षानुवर्षं बंद असलेलं कपाट उघडावं तसा एक कोंदट वास यायला लागला, आणि उघड्या पठारावर तो वास कुठून येतोय हे काही केल्या कळेना.

"हं, इथेच," थोरला यंत्र बघत म्हणाला. "बघ आता, आहे का वा..."

वाट होती.

पायाखालचं गवत झिजून गेलेलं, माती घट्ट बसलेली, मधले दगड गुळगुळीत. रोजच्या वापरातली वाट. पण तिच्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं, जनावराचं नाही, माणसाचं नाही. आणि थोडं पुढे, मोकळ्या सपाट जमिनीवर, झाड नाही, दगड नाही, खड्डा नाही, अशा जागी ती उगाचच एक बेढब वळण घेऊन पुन्हा सरळ झाली होती. ते वळण शिंकेचं होतं!

"काढ फोटो!" बारक्या टाळ्या पिटत होता. "साहेबांना दाखव! ही बघ तुझी खोटी वाट!"

"बारक्या, परत फिर."

"का?"

"फिर म्हणतो ना."

"कारण सांग, या पावली फिरतो."

कारण थोरल्याच्या जिभेवर होतं. पण जिभेवरच ती सहीसुद्धा बसली होती, नोकरी बसली होती, आणि खरं सांगायचं तर बारक्यापुढे खाली मान घालायची लाज बसली होती.

"बघ. कारणच नाही तुझ्याकडे," बारक्या म्हणाला आणि वाटेला लागला. धुक्यात तो लगेच दिसेनासा झाला. आवाज तेवढा येत राहिला. "तुमच्या कंपनीला म्हणावं, खुर्च्या विका अन् बूट घ्या... आणि दादा, तू तर..."

आवाज तिथेच तुटला.

थोरल्याने पडद्यावर पाहिलं. त्रिकोण तुटक रेघेवरून चालला होता. शिंकेचं वळण गेलं. कंपनीची रेघ संपायची जागा गेली. पुढे त्या चिकटलेल्या रेषा.

"बारक्या!" तो बेंबीच्या देठापासून ओरडला. "अरे, ती आम्ही काढलीय! ऑफिसात बसून काढलीय! तिथे वाट नाहीये रे... थांब!"

गारठ्याने यंत्राची बॅटरी बसली आणि पडदा काळा झाला. थोरला तिथेच उभा. पुढे जायला पाय उचलत नव्हता, मागे फिरायला मन धजत नव्हतं. घराचं दार आणि दारातली आई एवढंच त्याला दिसत होतं. त्याला रडू फुटलं.

"दादा."

आवाज पाठीमागून आला होता. तो गर्रकन वळला. बारक्या उभा होता, ज्या बाजूने दोघे आले होते त्या बाजूला.

"मेल्या!" थोरल्याने त्याच्या दंडाला धरून गदागदा हलवलं. "कुठून आलास? जीव गेला ना माझा!"

"तुझं बरोबर आहे, दादा," बारक्या शांतपणे म्हणाला. "वाट खोटीच आहे."

"तुझं यंत्र?"

"पडलं."

थोरल्याने जास्त काही विचारलं नाही. भाऊ मिळाला होता, बाकी गेलं खड्ड्यात. दोघे उतरायला लागले, थोरला पुढे, बारक्या मागे. ऑफिसच्या सापळ्याचं सगळं त्याने आता आपण होऊन सांगून टाकलं. वाटलं, बारक्या आता सालटी काढणार.

"तुझं बरोबर आहे, दादा."

आधी त्याला हे गोड लागलं, का नाही लागणार? आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होता. मग त्याने गंमत म्हणून वाईट वाटेकडे बोट दाखवलं. "इकडून जाऊ. जवळ पडेल."

"तुझं बरोबर आहे, दादा."

थोडं उतरल्यावर त्याने मागे न बघता विचारलं, "बारक्या, तू गाढव आहेस ना?"

"तुझं बरोबर आहे, दादा."

थोरल्याने पावलं भराभर उचलली. पोरगं घाबरलंय, कड्याच्या टोकापर्यंत जाऊन आलंय, असं तो मनाशी म्हणत राहिला. मागून पावलांचा आवाज येत होता, बरोबर त्याच्याच पावलांच्या तालात.

संध्याकाळी आईने दार उघडलं, दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि देवाला हात जोडले. बारक्या बाहेरच्या खोलीत दिवा न लावता बसला. आईने त्याच्यापुढे चहा ठेवला, तो तसाच निवत राहिला. ती आतल्या खोलीत थोरल्याकडे आली.

"काय रे, भांडला नाहीत का आज? घर कसं खायला उठलंय."

"दमलाय तो," थोरला म्हणाला. सवयीने त्याने यंत्र चार्जिंगला लावून खिडकीत ठेवलं. खिडकीतून डोंगर दिसायचा. फिरून आलं की चाललेली वाट तिन्ही नकाशांवर ठेवून बघायची, हा त्याचा नेम.

पडदा उजळला. त्रिकोण पठारावर होता, कड्याच्या अलीकडे. बरोबरच आहे, त्याने मनात म्हटलं, यंत्र पडलंय ना तिथे.

त्रिकोण हलला.

थोरला डोळे फाडून बघत राहिला. त्रिकोण थांबला, पुन्हा हलला. शिंकेच्या वळणापाशी आला, पठार ओलांडलं, आणि थोरल्याने गंमत म्हणून जिथे वाईट वाट धरली होती नेमका तिथेच वळला. चुकत, थांबत, एखादा दमलेला माणूस उतरेल तसा तो उतरत होता. मग यंत्र थरथरलं. अडकून राहिलेले निरोप एकामागून एक पडद्यावर आले.

"दादा कुठेयस? कड्याच्या अलीकडेच थांबलोय. धुकं फार आहे."

"तुझी हाक ऐकली. हे आधी सांगायला काय झालं होतं रे गाढवा?"

"धुकं विरळ झालं, दिसलास. थांब ना. मी इकडे आहे."

"दादा, तुझ्यामागे कोण चाललंय?"

बाहेरच्या खोलीत अंधार होता, आणि त्या अंधारातून कोंदट कपाटाचा वास हळूहळू आत येत होता. आई उठली.

"चला, माझी दोन्ही लेकरं घरात आली," ती म्हणाली. "दार लावून घेते आता." आणि ती बाहेरच्या खोलीकडे गेली.

तिला हाक मारायला त्याने तोंड उघडलं, पण बोबडी वळली होती. नुसते ओठ हलले. हा आपला बारक्या नाही, एवढेच ते शब्द होते, आणि ते त्याचे त्यालाही ऐकू आले नाहीत.

"तुझं बरोबर आहे, दादा," बाहेरून आवाज आला.

मागोमाग आईने दाराला कडी घातल्याचा आवाज आला.