दोन पाट

इशिताला त्या दुपारी फक्त फोटो हवे होते. युद्धात मोडलेल्या रायफलींचे भाग जोडून पुन्हा उभ्या केलेल्या बंदुकांवर ती संशोधन करत होती. तसली एक बार्शीटाकळीला वामनराव नावाच्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या घरी होती. परवाना संपला होता. सोमवारी ती पोलिसांत जमा होऊन भट्टीत जाणार होती. संग्रहालयाने ती वाचवायची, तर त्यांना पूर्ण जोडलेल्या रायफलीचे फोटो हवे होते.

"मी तुझा नवरा आहे की ड्रायव्हर?" गाडीतून उतरत अश्विनने विचारलं.

"आज ड्रायव्हर. अंगणातच थांब."

आतल्या खोलीत दोन पाट होते. एकावर रायफल, दुसऱ्यावर खणात गुंडाळलेला तिचा बोल्ट, गोळी नळीत ढकलणारा दांडा. खंडेनवमीचा वाळका झेंडू दोन्हींवर.

"वेगवेगळे का?"

"बंदूक एका मेलेल्या शिपायाची, बोल्ट दुसऱ्याचा," वामनराव म्हणाले. "आजोबा फौजेच्या कारखान्यात होते, त्याइनंच जोडली अन् त्याइनंच वेगळी केली. एकत्र आले का ते दोघं कोणाले तरी हेरतेत."

"काका, नळीत शिसं ओतलंय ना? मग कसली भीती?"

"शिसं फक्त गोळीले अडवते, बाई..." ते उठले. चहाचं सांगायला आत गेले.

एवढ्यासाठी एक रायफल वितळू द्यायची? इशिताने खण सोडला. बोल्ट रायफलीत सरकला, वाट बघत असल्यासारखा. तेलाचा, जळक्या दारूचा, ओल्या मातीचा वास आला. तिने फोटो काढले. मग नळीवरच्या नेम धरायच्या खुणा एका रेषेत आहेत का, म्हणून दस्ता खांद्याला लावला.

रेषेत खिडकी. खिडकीत अश्विनची पाठ.

टक्.

तिचं बोट चापावर नव्हतं.

"कोणावर धरली?" दारात वामनराव उभे होते.

"कोणावरच नाही."

परतताना दोघं अकोल्यात चहाला थांबले, तेव्हा अश्विनच्या शर्टावर, पाठीकडे, उजव्या खांद्याखाली, तेलाचा गोल डाग दिसला.

"तुझ्या काकांच्या अंगणातली खुर्ची!" तो हसला.

इशिताने बोट लावलं. डाग गरम होता.

दुसऱ्या दिवशी धुतलेल्या शर्टावरही डाग होता. कण्यावर.

तिसऱ्या दिवशी सकाळी संग्रहालयाचा होकार आला. इशिताने थेट वामनरावांना फोन लावला.

"काका, मला नको ती. बोल्ट काढा, भट्टीत जाऊ द्या..."

"तुमी गेल्यापासून तेच करून राहिलो, बाई. निघतच नाही. आतून कोणी मूठ धरल्यावानी... आता तरी खरं सांगा. कोणावर धरली होती?"

न्हाणीघराचं दार उघडलं. अश्विन गुणगुणत बाहेर आला आणि आरशासमोर केस पुसू लागला. त्याच्या उघड्या, ओल्या पाठीवरून पाणी ओघळत होतं. आता कातडीवरच उमटलेला डाग मात्र कोरडा होता.

कण्यावरून तो डावीकडे, काळजाच्या दिशेने सरकला होता.