काळ्या तारेवरचा फ्यूज

सूर्य बुडण्याआधी तुंगारेश्वराच्या माथ्यावर पोचायचं आणि समुद्रातल्या होड्यांना वादळाची खबर द्यायची, एवढंच आमचं काम होतं.

१९५४ चा नोव्हेंबर महिना. सकाळी वसईच्या पोस्टात वादळाची तार आली आणि पाचूबंदरावर धोक्याचा बावटा चढला. पण तो बघायला होड्या किनाऱ्यावर हव्यात ना! अकरा होड्या आदल्याच दिवशी डहाणूच्या बाहेर खोल पाण्यात गेल्या होत्या. त्यांच्यात एकच मोटरलाँच होती. तिच्यावर वायरलेस सेट होता आणि तो सांभाळायला माझा मोठा भाऊ व्हॅलेरियन, घरातला वल्ली.

मच्छीमारांच्या सोसायटीने लष्कराच्या लिलावातून असे दोन सेट प्रयोगासाठी घेतले होते. मी पदार्थविज्ञान शिकलेली, म्हणून दुसरा सेट माझ्याकडे. या सेटच्या लहरी उजेडासारख्या सरळ जातात, पाण्याच्या गोलाईमागे वळत नाहीत. बंदरावरून बोललं तर काही मैलांतच आवाज हरवायचा. तुंगारेश्वराच्या उंचीवरून मात्र डहाणूपर्यंतचा समुद्र उघडा पडतो. तिथून बोलून बघायचं आम्ही ठरवलं होतं, पण अजून कोणी बोललं नव्हतं.

आणखी एक अडचण होती. लाँचवरची बॅटरी वाचवायला व्हॅलेरियन दिवसातून एकदाच सेट लावायचा, सूर्यास्ताला सगळ्यांची रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणून झाली की. थोडा वेळ ऐकायचा आणि बंद करायचा. आजची ती वेळ चुकली, तर उद्याच्या रोझरीआधी वादळ त्यांच्या डोक्यावर असणार होतं.

ट्रक प्लासिडचा होता. तोही लष्करी लिलावातलाच, बारा व्होल्टचा. प्लासिड त्यातून मिठागरातलं मीठ स्टेशनवर नेई.

"हॉर्नची तार आहे ना डॅशखाली? तिच्यावर जोड आणि चल," तो म्हणाला.

"ती बारीक आहे, प्लासिडदादा. सेट बोलायला लागला की भरपूर वीज ओढतो. निम्मा जोर तारेतच मरेल."

"मग बॅटरीवरून एक जाड तार घे. वीज परत यायला गाडीचं लोखंड आहेच. सगळे तसंच करतात."

मी वाकून ट्रकखाली पाहिलं. लोखंड कुठे दिसतच नव्हतं! पाचूबंदरात होड्यांना मुशी माशाच्या लिव्हरचं तेल चोपडतात, म्हणजे लाकूड टिकतं. प्लासिड तेच तेल मिठाच्या गंजावर उपाय म्हणून ट्रकला चोपडायचा. चासीचा लोखंडी सांगाडा, बोल्ट, तारांची टोकं, सगळ्यांवर काळा चिकट थर साचला होता.

"यातून वीज कशी परत येणार?"

"होडी टिकते, मग ट्रक का नाही टिकणार?" तो फुरंगटून म्हणाला.

मी वाद थांबवला. लाल आणि काळी, दोन्ही जाड तारा सेटपासून थेट सीटखालच्या बॅटरीपर्यंत आणल्या आणि दोन्हींवर बॅटरीजवळ एकेक फ्यूज बसवला. सेट मागे हौद्यात बोल्टने आवळला. प्लासिड कपाळाला हात लावून बघत होता.

"काळ्या तारेवर पण फ्यूज? फ्लॉसीबाय, वीज येते त्या दाराला कुलूप लावलंस, ते समजलं. सांडपाण्याच्या मोरीला कोण कुलूप लावतं गो?"

"बॅटरीपासून चासीला जाणारा पट्टा तुटला तर? स्टार्टरची सगळी वीज हौद्याच्या लोखंडातून सेटमध्ये शिरून या तारेने परत येईल. सेट जळेल."

"माझा पट्टा तुटणार? हत्ती बांध त्याला!"

"आता निघता का भांडता?" हौद्यातून श्रीपतकाका ओरडले. ते जूचंद्रचे, तुंगारेश्वरच्या रानात कोळशाच्या भट्ट्यांवर मुकादम होते. लाकडाच्या गाड्यांची वाट वरपर्यंत कुठून जाते, ते त्यांनाच ठाऊक होतं. "बाई बोलते तर बरोबरच बोलत असंल. चल, सुरू कर!"

आम्ही निघालो. सातिवलीपर्यंत रस्ता बरा होता. पुढे रान सुरू झालं. साग, ऐन आणि बांबूची बेटं, त्यांच्यामधून लाल मातीची चाकोरी. हवा कोंदट होती. पान हलत नव्हतं. दुपार कलली तसे समुद्राकडून तांबूस करडे ढग आले आणि पाऊस सुरू झाला, बारीक पण न थांबणारा. चाकोरीतून लाल पाणी वाहू लागलं. दोनदा चाकं रुतली. दोनदा श्रीपतकाकांनी कोयत्याने बांबू तोडून चाकांखाली घातला. सेटवर ताडपत्री होती. मी तिच्यावर अंग टाकून बसले होते.

तुंगारेश्वराचं मंदिर मागे पडलं. शेवटचा ओढा समोर आला.

श्रीपतकाका उतरून पाण्यात काठी घालत पलीकडे गेले. "गुडघाभर हाय! पन वाढतंय! थांबू नको, एका दमात काढ!"

प्लासिडने ट्रक पाण्यात घातला. दगडांवरून चाकं उडत होती. अर्धा ओढा पार झाला. पाऊण झाला. आणि पुढचं चाक एका मोठ्या धोंड्यावरून धाडकन खाली आपटलं!

इंजीन बंद पडलं.

पाण्याचा आवाज एकदम मोठा झाला. प्लासिडने स्टार्टर दाबला. एक घरघर, सीटखाली फट्‌ असा आवाज. मग काहीच नाही. त्याने पुन्हा दाबला. शांतता. हॉर्न वाजेना, दिवा लागेना.

"बॅटरी गेली!" तो म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. "संपलं, फ्लॉसीबाय."

पाणी पायरीला लागलं होतं.

मी सीट उचलली. पिशवीतला छोटा बल्ब काढला, त्याच्या दोन तारा बॅटरीच्या दोन टोकांना टेकवल्या. बल्ब झगझगीत लागला!

"बॅटरी जिवंत आहे," मी म्हणाले.

लाल तारेवरचा फ्यूज पाहिला. शाबूत. काळ्या तारेवरचा पाहिला. आतली तार वितळून काच काळी पडली होती. सेट तर बंद होता. मग त्याच्या परतीच्या तारेतून एवढी वीज गेली कशी? याचं एकच उत्तर होतं. मी सीटखाली हात घालून चासीकडे जाणारा पट्टा चाचपला आणि ओढला. तो सहज हातात आला. तेलाचा थर वरून अखंड होता. आतलं तांबं मात्र मिठाने खाऊन हिरवी भुकटी झालं होतं. शेवटचे चार धागे धोंड्याच्या दणक्याने तुटले होते.

प्लासिड त्या पट्ट्याकडे बघत राहिला. "मीच तेल लावलं," तो हळूच म्हणाला. "मीठ आतच कोंडलं मी."

"नंतर बघू. इंजीन हाताने फिरवायचं हँडल आहे ना?"

"आहे. पण वीज परत कशी जाणार?"

मोकळी करता येईल अशी जाड तार एकच होती, सेटची काळी तार. ती मी सेटपासून सोडवली. श्रीपतकाकांचा कोयता घेऊन सीटखालचा चासीचा एक बोल्ट खरवडायला लागले. तेल सुटलं, त्याखालचा रंग सुटला, मग गंज. अखेर लोखंड चमकलं! तारेचं टोक तिथे आवळलं आणि जवळचा एकुलता एक जादा फ्यूज बसवला.

"स्टार्टरला हात लावू नका," मी बजावलं. "एवढी वीज या तारेला झेपणार नाही, हाही फ्यूज जाईल. दुसरा नाही. हँडलने फिरवलं तर फक्त ठिणगीपुरती वीज लागेल, ती चालेल."

श्रीपतकाका कमरेएवढ्या पाण्यात ट्रकसमोर उभे राहिले. हँडल फिरवलं. काही नाही. पुन्हा फिरवलं. इंजिनाने उलटा झटका दिला, हँडल हातातून सुटलं आणि ते मागे कोसळले! प्लासिडने उडी मारून त्यांची बंडी पकडली, नाहीतर ते प्रवाहात गेले असते.

"तुझा ट्रक लाथा मारतो रे!" ते खोकत म्हणाले.

"मालकावर गेलाय," प्लासिड म्हणाला. "सरा बाजूला, काका." त्याने हँडल स्वतः धरलं, दात ओठ खाऊन फिरवलं. इंजीन खोकलं. पुन्हा! आणि ते धडधडायला लागलं. तो ओलाचिंब स्टिअरिंगवर बसला, पाणी उडवत ट्रक पलीकडच्या काठावर चढला. मागे वळून पाहिलं, तर ज्या धोंड्यावर आम्ही आपटलो तो पाण्याखाली गेला होता.

माथ्यावर पोचलो तेव्हा पश्चिमेला ढगांखाली एक लाल फट उरली होती. त्या फटीत समुद्र शिशासारखा दिसत होता. एकही शीड नजरेत नव्हतं.

त्याच खरवडलेल्या बोल्टवरून मी काळ्या तारेचा उरलेला तुकडा सेटला जोडला. एरिअल उभी केली. सेट लावला. कानात नुसती कडकड! इंजिनाच्या ठिणग्यांचा गोंगाट होता.

"इंजीन बंद करा."

प्लासिड घुटमळला. "पुन्हा सुरू झालं नाही तर?"

"तर चालत जाऊ. या गोंगाटात त्याचं उत्तर ऐकू येणार नाही."

त्याने किल्ली फिरवली. रान एकदम गप्प झालं. मी बटण दाबलं. सेटमधली वीज वाढवणारी छोटी मोटर उंच सुरात गाऊ लागली, तशी व्होल्टची सुई खाली झुकली.

"वल्ली, वल्ली. फ्लॉसी बोलते, तुंगारेश्वरावरून. ऐकतोस का?"

बटण सोडलं. शांतता.

पुन्हा बोलले. पुन्हा शांतता. सुई आणखी खाली आली.

"रोझरी चालू असंल त्यांची," श्रीपतकाका पुटपुटले. "आनखी बोलू नको. बॅटरी राख."

ते म्हणत होते ते खरं होतं. पण लाल फट मिटत चालली होती. मी डोळे मिटून मनात रोझरीचं शेवटचं दशक, दहा प्रार्थनांचं, म्हटलं. लाँचवर म्हणत असतील तेवढ्याच संथपणे. मग मोठी प्रार्थना, मग येशूच्या आईचं, मरिआईचं गीत. तेही पूर्ण म्हटलं. मग बटण दाबलं.

"वल्ली. वादळ येतंय. मुंबईकडून. सातपाटीच्या खाडीत शिरा. सगळ्या होड्या. ऐकतोस का?"

मोटरचा सूर खाली घसरला. मी बटण सोडलं.

खरखर. मग खूप लांबून, टिनाच्या डब्यातून यावा तसा आवाज आला.

"...फ्लॉसी? तुंगारेश्वरावरून? चेष्टा करतेस?"

प्लासिड ओरडलाच! मी हात वर करून त्याला गप्प केलं.

"चेष्टा नाही. वादळ. सातपाटी. लगेच."

"समजलं. सातपाटी. कंदील चढवतो, सगळ्यांना वळवतो. आईला सांग..."

सुई पडली. दिवा विझला. आईला काय सांगायचं ते मला कळलं नाही. तिला काय ऐकायचं होतं, ते मात्र मला मिळालं होतं.

बॅटरीत आता ठिणगीपुरतीही वीज नव्हती आणि ओढा छातीभर झाला होता. ट्रक तिथेच सोडून आम्ही श्रीपतकाकांच्या भट्टीवरच्या खोपीत शिरलो. वादळ डोंगरावरून गेलं तेव्हा बांबू बंदुकीसारखे फुटत होते. आम्ही तिघं सेटला मध्ये घेऊन बसलो होतो.

अकराही होड्या सातपाटीच्या खाडीतून परत आल्या. दोन होड्यांची शिडं फाटली, एकीची डोलकाठी मोडली. माणूस एकही गेला नाही. व्हॅलेरियन घरात शिरला आणि आईला म्हणाला, "हेच सांगायचं होतं, की जेवायला येतोय."

प्लासिडने आठवड्याने ट्रक खाली आणला. मुशीचं तेल तो अजूनही चोपडतो, त्याबाबतीत कोणाचं ऐकत नाही. फक्त चासीवरचा एक बोल्ट तो दर रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर वाळूने घासतो. आणि वितळलेला तो फ्यूज त्याने सुतळीला बांधून काचेसमोर लटकवलाय, सायबिणीच्या, आमच्या मरिआईच्या, तसबिरीच्या शेजारी.

कोणी विचारलंच, तर म्हणतो, "ते मोरीचं कुलूप आहे."