हनुवटीखालचे हात

"राहू दे मावशी, मी घेते."

लेकीने बाळ मावशीच्या मांडीवरून अलगद उचललं आणि तिचे दोन्ही हात हवेत तसेच राहिले... जेवायला बसावं आणि पुढ्यातलं ताटच कुणी काढून न्यावं तसे. बाळाला घरी आणून आठवडा होत आला होता आणि एवढ्या दिवसांत हे वाक्य तिने इतक्यांदा ऐकलं होतं, की बाळाने ट्यँ केलं की लेकीच्या आधी ते तिच्याच मनात उमटायचं. तिने चष्म्याची काच विनाकारण पुसली आणि म्हणाली, "बरं. मग फोटोचं उद्या सकाळी करू या का?"

ही मावशी म्हणजे काही मावशी नव्हे. लेक आठ वर्षांची असताना तिची आई गेली, आणि वर्षाच्या आत ही बाई घरात आली, तेव्हा मुलीला हाक मारायला जेमतेम हा एक शब्द सापडला होता. 'आई' म्हण, असा आग्रह मावशीने कधीच धरला नाही. तिने वेण्या घातल्या, तापात रात्री जागवल्या, गणितापायी दोघींनी डोकेफोड केली. आणि आपण बाजूला पडलो असं पोरीला कधी वाटू नये म्हणून स्वतःचं मूल होऊ द्यायचं नाही, हेही तिने एकटीनेच ठरवलं आणि नवऱ्याच्या गळी उतरवलं. त्या त्यागाची वाच्यता तिने कुठे केली नाही. लेकीने मात्र लग्नात सासरच्यांशी ओळख करून देताना चारचौघांत सांगितलं होतं, "या बाबांच्या दुसऱ्या पत्नी." मावशी तेव्हा हसली होती. मग घरी येऊन स्वच्छच असलेला ओटा कितीतरी वेळ पुसत उभी राहिली होती.

जावई बोटीवर नोकरीला, तेव्हा लेक बाळंतपणाला इकडेच येणार हे कळल्यावर मावशीने एक अजब गोष्ट केली. नवजात बाळांचे फोटो काढायला शिकवणाऱ्या एका बाईंचा क्लास लावला. हिशेब साधा होता. सावत्र आजीला कुणीही खोलीबाहेर काढू शकतं, पण फोटोग्राफरला कसं काढणार?

सरावासाठी तिचं पहिलं बाळ होतं टोपी घातलेला भोपळा. दुसरं बाळ पिठाची पिशवी, ती हातातून निसटून फुटली तेव्हा नवरा पेपरातून डोकं वर काढून म्हणाला, "बाळ सुखरूप आहे ना?" तिसऱ्या खेपेला तिने त्यालाच दुपट्यात गुंडाळून गादीवर निजवलं आणि दिवा चुकून खालच्या बाजूला ठेवला. फोटो पाहून तो म्हणाला, "हा कोठीत लाव. उंदीर फिरकायचे नाहीत." बाईंनी मग समजावलं, की उजेड नेहमी बाळाच्या डोक्याकडून नाकाकडे उतरायला हवा, तो नाकपुड्यांत खालून शिरला, की गोंडस बाळसुद्धा खलनायक दिसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोली छान उबदार केली, खिडकीला पांढरा पडदा लावला, मोठी मऊ उशी मांडली. बाळ झोपावं म्हणून वाहत्या पाण्याचा आवाज लावला, तर बाळ टक्क जागं राहिलं आणि आजोबाच दोनदा बाथरूमला जाऊन आले. मग बाळानेही शुभ्र दुपट्यावर आपला कार्यभाग उरकला, आणि लेक नको नको म्हणत पोट धरून हसली.

बाळ झोपल्यावर ती म्हणाली, "मावशी, मला तो फोटो हवाय. कोपरं टेकून, हनुवटीखाली हात घेऊन झोपलेलं बाळ असतं ना, तो."

"तो एकट्या बाळाचा नसतोच गं. एवढ्याशा जिवाला मान कुठली सावरतेय? एका फोटोत कुणीतरी डोकं धरायचं, दुसऱ्यात मनगटं, आणि नंतर दोन्ही जोडायचे."

"मग मी धरते," म्हणत लेक वाकली, आणि टाक्यांच्या कळीने तशीच मागे बसली. आजोबा पुढे झाले, पण ते एवढंसं डोकं पाहून आल्या पावली मागे सरले.

"तू धर," लेक शेवटी म्हणाली. "कॅमेरा मी घेते."

इतक्या महिन्यांची खटपट ज्या फोटोसाठी, तोच आता दुसऱ्याच्या हातून निघणार होता! पण मावशीने पट्टा गळ्यातून काढला, सगळं नीट जुळवून कॅमेरा लेकीच्या हाती दिला आणि ती बाळापाशी गुडघ्यांवर बसली. तळहातात ती ऊबदार, मऊ हनुवटी आली आणि तिला श्वास घेण्याचंही भान राहिलं नाही.

दुपारभर ती कॉम्प्युटरपुढे बसून होती. दोन फोटो जोडले, मग आपलं एकेक बोट पुसत गेली. कानामागचा अंगठा काही केल्या जाईना.

"एवढं राबून स्वतःलाच खोडतेस होय?" नवऱ्याने विचारलं.

"असाच करतात हा फोटो," ती म्हणाली.

फोटो देखणा झाला. लेकीने तो लगेच नवऱ्याला पाठवला आणि त्याचं उत्तर मोठ्याने वाचून दाखवलं, "एवढीशी आहे, पण मान बघ कशी धरलीय. अगदी तुझ्यावर गेलीय." लेकीची छाती फुगली. आणखी फोटो बघायला ती कॉम्प्युटरपाशी बसली आणि मावशी दुपट्यांच्या घड्या घालायला गेली.

परत आली तर लेक रडत होती. समोर मूळचे दोन्ही फोटो उघडे होते. तिने नवशिकेपणाने चौकट सैल धरली होती, म्हणून हातांबरोबर मावशीचा चेहराही आला होता... बाळाकडे टक लावलेला, डोळे भरलेला.

"हे हात कुठे गेले?"

"पुसले. पुसायचेच असतात ते."

"कुणी सांगितलं पुसायला?" लेकीचा आवाज फाटला. "आई गेल्यावर मी एकटीच मान ताठ ठेवून मोठी झाले, असं आजवर सगळ्यांना सांगत आले मी. तू एकदाही नाही म्हणाली नाहीस गं... मावशी, तुला स्वतःचं मूल कधी हवंसं वाटलं नाही?"

"होतं की मला," मावशी डोळे पुसत म्हणाली. "तयारच मिळालं. वेणी घातलेलं, दात आलेलं. जरा भांडखोर निघालं एवढंच."

लेक रडता रडता हसली आणि तिच्या कुशीत शिरली. मग तिने मूळ फोटो, हातांसकट आणि चेहऱ्यासकट, बोटीवर पाठवला आणि खाली लिहिलं, 'मान आजीने धरलीय.'

त्यानंतर बाळाला तिने मावशीच्या मांडीवर ठेवलं आणि शेजारीच आडवी झाली. पाहता पाहता तिचा डोळा लागला. थोड्या वेळाने बाळाने ट्यँ केलं. मावशीचे हात जागच्या जागी थबकले आणि सवयीने तिने लेकीकडे पाहिलं.

लेकीने डोळेसुद्धा उघडले नाहीत. कूस बदलत ती पुटपुटली, "बघ ना गं जरा तिला."