नळी नंबर एकशे बारा

"ही नळी रद्द करा," तो म्हणाला. "लेबलांची अदलाबदल झालीय."

मी मान वर केली. दोन महिन्यांपूर्वी आमच्या लॅबमध्ये रिपोर्ट तपासायच्या नोकरीवर आलेला हा माणूस इतका काटेकोर, की आम्ही त्याला 'फूटपट्टी' म्हणायचो. आज सकाळपासून तोंड फुगवून बसला होता. हातात एकशे बारा नंबरची नळी... माझ्याच रक्ताची. कुणाला कळू नये म्हणून मी नावाऐवजी नुसता नंबर टाकला होता.

"टेस्टोस्टेरॉन जास्त, उपाशीपोटीचं इन्सुलिन दुप्पट. पीसीओएस म्हणावं, तर फॉर्मवर वजन फक्त अठ्ठेचाळीस किलो. जेवून आलेल्या दुसऱ्याच कुणाची तरी नळी आहे ही. लेबलं कुणी लावली?"

"मीच."

गप्प बसले तर चूक माझ्या नावावर लागणार, ते एक वेळ चाललं असतं. पण खरं बोलायचं म्हणजे चार-चार महिने न येणारी पाळी, हनुवटीवरचे केस, सगळंच याच्यासमोर उघडं. आईने तर बजावून ठेवलं होतं, लग्न ठरेपर्यंत ब्र काढायचा नाही. आणि मेला मला आवडायचा, हीच तर पंचाईत.

त्याने नळी कचऱ्याच्या डब्यावर धरली.

"थांबा... माझी आहे ती."

त्याचा हात तिथेच थांबला. मी एका दमात सांगून टाकलं, बारीक मुलींनाही पीसीओएस होतो, मला आहे, आकडे खरे आहेत. कान नुसते तापले होते. आता हा 'अरेरे' म्हणणार, की संपलं.

त्याने रिपोर्टचा कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला.

"उपाशीपोटी," तो हळूच म्हणाला. "म्हणजे... सकाळी मी चहाला येता का विचारलं, तेव्हा—"

"रक्त द्यायचं होतं. पाण्याशिवाय काही चालत नाही."

"मग तसं सांगायचं ना. दोन महिने धीर गोळा करत होतो मी, आणि तू सरळ नाही म्हणून निघून गेलीस."

'तू' म्हणाला. त्याच्या लक्षातही आलं नसावं.

नळी पुन्हा स्टँडमध्ये ठेवून त्याने रिपोर्टवर सही केली.

"तुम्हाला... काहीच वाटत नाही?"

"वाटतं ना. तीन वाजत आले, तू अजून डबा उघडलेला नाहीस. चल."

मी डोळे पुसले. "चहा बिनसाखरेचा घ्यावा लागेल हं. चालेल?"

"मी चहा पीतच नाही गं," तो म्हणाला.