पडद्यामागची बायको

त्या दिवशी माहिती खात्याची पिक्चर दाखवणारी गाडी आमच्या पिंगळीला आली नसती, तर मी आज गंगाखेडात कापडाच्या दुकानात गल्ल्यावर बसले असते. रविवारी त्याच दुकानवाल्याचे लोक मला बघायला येणार होते अन् बाबांचा जवळजवळ होकारच होता.

माझं मन मात्र शाळेवर नवीन आलेल्या नागनाथ गुरुजींवर जडलेलं! आमच्यातलेच, पण लय मुखदुर्बळ. रोज आमच्या घरावरून जायचे ते मान खाली घालून.

चौऱ्याहत्तर साल असंल. अंधार पडला अन् शाळेच्या मैदानात दोन बांबूंना पडदा ताणला. गडीमाणसं पुढं, आमी बायका पडद्याच्या मागं... तवा रीतच तशी होती. चित्र आमालाही दिसायचं, फक्त उलटं.

शेतात खत कसं टाकावं त्याचं सरकारी पिक्चर संपलं अन् एक जुनं हसण्याचं लागलं. काडीसारखा नवरा, जाडजूड बायको... पण आवाजच न्हाई!

"आवाज! आवाज!" लोक वरडायला लागले.

"अहो, पिक्चरच मुकं हाय!" गाडीवाला कावला.

तेवढ्यात गाडीच्या माईकवर कुणीतरी बोललं, "अगं ए... दार उघड की! थंडीनं मरायलोय!" पडद्यावरचा नवरा दार ठोठावत होता. मैदान खदखदून हसलं. मी आवाज ओळखला. नागनाथ गुरुजी! अगं बाई, ह्यांना बोलता येतं?

पडद्यावरच्या बायकोनं खिडकीतून लाटणं दाखवलं. मला राहवलंच न्हाई, मी मागूनच वरडले,

"मरा तिथंच! कुठं उंडारायला गेला होतात?"

माईकवरून हळूच आवाज आला—

"एका घरावरून चकरा मारायलो होतो... पण तिथली बाई कधी दिसतच न्हाई."

"मान वर केली असती, तर खिडकीत दिसली असती!"

शेजारच्या सरजाबाई मावशीनं मला करकचून चिमटा काढला. मी कुठली ऐकते!

नवरा भिंतीवर चढला. "पडशील! डावीकडं हौद हाय!" गुरुजी म्हणाले.

"अवो, उजवीकडं हाय!"

"डावीकडं!"

"डोळे हायत का बटणं? उजवीकडं!"

आमी दोघंही खरंच बोलायलो होतो; त्यांचं डावं ते पडद्यामागून आमचं उजवं. तो बिचारा धपकन हौदात पडला अन् पडद्याच्या दोन्ही अंगांना हसून हसून मुरकुंडी वळली.

अजून आठवतं, हसता हसता माझे डोळे भरून आले. पिक्चर संपत आलेलं, रविवार तोंडावर... अन् हा माणूस उद्या परत मान खाली घालून जाणार.

पडदा पांढराफेक झाला. गुरुजी चाचरत म्हणाले, "मागच्या बाजूच्या बाई... आपलं नाव कळंल का?"

नाव सांगावं, तर गावभर बोभाटा होऊन पाहुणे आल्या पावली माघारी जाणार. न सांगावं, तर जन्मभर गल्ला.

मी उठले. पडद्याला वळसा घालून थेट गड्यांच्या बाजूला, उजेडात जाऊन उभी राहिले.

"मी सगुणा. रंगनाथरावांची थोरली. रविवारी मला बघायला येणार हायत. तुमाला यायचं असंल तर... शनिवारी या."

गुरुजींनी परत मान खाली घातली! पहिल्या रांगेतून बाबा उठले. आता कानाखाली बसणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. बाबांनी गुरुजींच्या हातातला माईक घेतला, घसा खाकरला.

"शनिवारी मी बाजारला असतो, गुरुजी. उद्याच या."