आग्रहकाची गाळणी

चंद्रगाडीच्या इंजिनाच्या आवाजाला कंटाळून सोलापूरच्या अवकाशतळावरच्या कबुतरांनी केव्हाच गाव बदललं होतं. निहार मात्र त्या आवाजाला अजिबात घाबरत नसे. पण तळावरच्या स्वच्छतागृहात हात वाळवण्याचं वीतभर यंत्र फुरफुरलं, की तो कान झाकून बाकाखाली जाऊन बसे. गर्जनेची भीती नाही आणि फुरफुरीची आहे, हे कसं?

नातेवाइकांनी हे कोडं आपापल्या परीने सोडवलं होतं. काका म्हणत लाड, मावशी म्हणे दृष्ट. शकुआत्याचा तर मेंदूचाच अभ्यास होता, पण ती घरचीच असल्यामुळे तिला कोणी विचारलं नव्हतं.

निहारची आई चंद्रावरच्या शेतीकेंद्रात मेथी पिकवत होती. मागच्या खेपेला तिला भेटायला निघालेला निहार बाकाखालून बाहेर येईपर्यंत गाडी निघून गेली होती. आजचीही चुकली, तर पुढची थेट उन्हाळ्यात.

आत्या आणि निहार तळाच्या प्रतीक्षागृहात शिरताच आग्रहक (प्रवाशांचा पाहुणचार करणारा यंत्रमानव) समोर आला. गाडीचं दार उघडायची किल्ली त्याच्याच छातीत असे. त्याला बनवणाऱ्यांनी मराठी घरांचा बारकाईने अभ्यास केला होता. पाहुणा पहिल्यांदा नको म्हणतो ती रीत, दुसऱ्यांदा म्हणतो तो संकोच, आणि तिसऱ्यांदा म्हणाला तर पोटात अजून थोडी जागा आहे, असं त्याला शिकवलं होतं.

"पुरणपोळी?"

"नको," निहार म्हणाला. प्रवासात तो भाकरी आणि शेंगाचटणीच खाई. डबा पाठीवरच होता.

"अर्धी तरी."

"नको."

"माझ्यासाठी," आग्रहक म्हणाला. त्याने स्वागतगीत लावलं, छातीवरचे दिवे लुकलुकवले आणि निहारच्या खांद्यावर हात ठेवला. निहारने कान झाकले आणि तो बाकाकडे बघू लागला.

"अहो, हात काढा आणि ते गाणं थांबवा," आत्या म्हणाली. "हा स्वमग्न आहे. म्हणजे सगळे ज्याला ऑटिस्टिक म्हणतात तो."

"आजारी आहे? मग मऊ भात करायला सांगतो."

"आजारी नाही हो. मेंदूची घडण वेगळी आहे. तुम्हाला पंख्याचा आवाज येतोय?"

"आत्ता विचारलंत म्हणून आला."

"बघा. मेंदूत संवेदनांची गाळणी (कामाचं तेवढंच पुढे पाठवणारी व्यवस्था) असते. पुढे काय होणार, याचा मेंदू सतत अंदाज बांधत असतो. अंदाजाप्रमाणे घडलं, की ते चहाच्या चोथ्यासारखं वरच राहतं. निहारच्या गाळणीची भोकं मोठी आहेत. पंखा, फिनेल, सदऱ्याचं लेबल, तुमचं गाणं, सगळं एकदम आत येतं."

"मग इंजिनाचं काय?"

"ते उलटी मोजणी करून येतं. कळवून येणारा पाहुणा. ते हात वाळवायचं यंत्र दार न वाजवताच घुसतं."

"सगळ्या स्वमग्न मुलांचं असंच?"

"छे. कोणाला आवाज सलतो, कोणाला स्पर्श. विचारावं लागतं. आणि उत्तर ऐकावं लागतं."

"गाळणी माझ्यातही बसवली आहे, पण मला अनुभवाशिवाय समजत नाही," असं म्हणून आग्रहकाने स्वतःची गाळणी बंद केली. हे आत्याच्या बेतात नव्हतं.

तो खांबासारखा थिजला. "दिवा गुणगुणतोय," तो पुटपुटला. "लांब कोणीतरी केळं सोलतंय. माझ्या गळ्यातली ही सुस्वागतमची पट्टी टोचते." मग पाय दुमडून तो बाकाखाली शिरला. किल्लीही त्याच्याबरोबर गेली.

प्रवासी गोळा झाले. काय झालं, पाणी देऊ का, हसा बघू, अशी एकच झुंबड उडाली. सफारीतले एक गृहस्थ गुडघ्यावर बसून म्हणाले, "थोडं खाऊन घ्या, बरं वाटेल," आणि त्यांनी पुरणपोळी त्याच्या तोंडाशी धरली. गाडी सुटण्याची वेळ होत आली होती.

निहारने कानांवरचे हात काढले. "मागे सरका," तो म्हणाला. "त्याला काही विचारू नका."

लोक सरकले. निहार जरा अंतरावर फरशीवर बसला आणि आग्रहकाकडे न बघता हळू बोलू लागला. "आता घोषणा होईल. मोठी असते, पण संपते." घोषणा झाली आणि संपली. "आता सामानाचं गाडं जाईल. त्याचं चाक करकरतं." गाडं करकरत गेलं. "पट्टी मी काढू, की तू काढतोस?"

"तू काढ," आग्रहक म्हणाला. "आधी विचारलंस म्हणून."

पट्टी निघाली. थोड्या वेळाने आग्रहकाने गाळणी पुन्हा चालू केली आणि तो बाहेर आला. "तुला रोज असं होतं?"

"घरी नाही होत. गर्दीत होतं."

आग्रहकाने गाडीचं दार उघडलं.

गाडीत तो प्रत्येक गोष्ट आधी सांगू लागला. "आता पट्टा आवळेल. पोट जरा दबेल." सफारीवाल्यांनी खुर्चीचे हात गच्च धरले होते. ते म्हणाले, "हे बरं आहे हो. पुढचंही सांगत जा."

मग आग्रहकाने प्रत्येकाला एकदाच विचारलं, पुरणपोळी घेणार का? सवयीने सगळे नको म्हणाले. आग्रहक पुढे गेला आणि परत फिरकला नाही. अख्खी गाडी पुरणाचा वास घेत उपाशी चालली.

शेवटी सफारीवाले निहारकडे वाकले. "बाळा, त्याला सांग ना. मघाशी मी नको म्हणालो, ते..."

"खोटं होतं?"

"रीत होती रे."

निहारला ही रीत कोणी सांगितलेली नव्हती. त्याने विचार केला. "भूक असेल तर हो म्हणा," तो म्हणाला. "तो देतो."

ते हो म्हणाले, आणि त्यांच्यामागून सगळी गाडी हो म्हणाली. आग्रहकाने त्याच प्रवासात चंद्रावरच्या आणि मंगळावरच्या आपल्या भाऊबंदांना निरोप धाडला, की विचारा आणि उत्तर ऐका.

चंद्रावर दाराशी आई उभी होती. तिला धावत यायचं होतं, पण ती जागेवरच थांबली. "निहार, मी आता मिठी मारणार आहे. घट्ट की हलकी?"

"घट्ट. पण तुझ्या हाताला मेथीचा वास येतोय."

"धुऊन येऊ?"

"नको," निहार म्हणाला.

आईने परत विचारलं नाही.