मांडणी कोण हलवतं?

खण्ण!

उभ्या दुपारी घर चिडीचूप असताना मांडणीवरचं फुलपात्र आपोआप नाचलं. मग ताटं थरथरली. बाहेर वाऱ्याची झुळूकही नव्हती! बाजेवरची नऊ दिवसांची बाळी दचकून किंचाळली. आईनं तिला छातीशी धरलं.

"दीपे, परत गं! भानामतीच हाय ही!"

बारा वर्षांची दीपमाला मांडणीकडे धावली. चार दिवस हेच चाललं होतं. बाळी ना धड दूध पीत होती, ना झोपत होती. शेजारच्या सुभद्राबाई तर सांगूनच गेल्या होत्या, "दिवस मावळायच्या आत येते. पोटावर बिब्ब्याचा डाग दिला की बाधा पळंल!"

डाग! दीपमालानं धाकट्या भावाकडे, सहा वर्षांच्या म्हाळूकडे पाहिलं. त्याच्या पोटावर तसेच दोन काळे गोल होते. तो तान्हा असताना तापलेला बिब्बा टेकताच त्यानं फोडलेली किंकाळी तिला अजून आठवत होती.

"आई, मी शोधते! तोवर कुणाला हात लावू देऊ नकोस!"

तिनं रिकामा पत्र्याचा डबा उचलला. मागच्या दारात गेवराईहून सुट्टीला आलेला चुलतभाऊ अंगद उभा होता.

"भूत धरायला निघालीस? मीपण येतो! दिवसा भुतं झोपलेली असतात." बोलला खरा, पण त्याचा आवाज चिरकला.

"झोपलेली असतात तर आमची ताटं कोण वाजवतंय बे?" म्हाळू म्हणाला.

डबा हातात झणझणू लागला. जिकडे जास्त झणझणेल तिकडे तिघं चालली. गोठा मागे पडला, बाभळी मागे पडल्या. समोर राधाकिशनदादाचं पत्र्याचं गोदाम! चहूबाजूंनी पार छपरापर्यंत कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या. आतून कुणीतरी घुरघुरत होतं.

"ताई, घरी चल ना!" म्हाळू तिला बिलगला.

तिलाही पळावंसं वाटत होतं. पण ऊन कलायला लागलं होतं. तिनं डोळे मिटून दार ढकललं.

धडाड धूम! गाण्याचा लोंढाच अंगावर आला. आत माणसाएवढी काळी स्पीकरची पेटी आणि तिच्यापुढे घामाघूम राधाकिशनदादा! त्यानं घाईघाईनं गाणं बंद केलं.

"तुमी व्हय! उद्या मांजरसुंब्याला वरातीत गाणी वाजवायची हायती. चार दिस झालं, नवी पेटी लावून बघतोय. बाहेर ऐकू येतंय का? गावाला तरास नको म्हणून तर कडबा लावलाय!"

"गाणं नाही येत, दादा! कडबा बारीक आवाज गिळतो. जाड आवाज मात्र थेट आमच्या मांडणीवर!" दीपमाला म्हणाली.

"काय करू गं? कितीबी वाढवा, नुसतं घूंऽऽ! ढोल कंचा, ढोलकी कंची, समजंना."

दीपमालानं पेटीवर हात ठेवला. दादानं क्षणभर गाणं लावताच पातळ फळी थडथडली. पुढच्या बाजूला नुसतं एक भोक पाडलेलं. तिला नळाखालची घागर आठवली. ती भरत येते, आतली पोकळी कमी होत जाते, तसा सूर बदलतो.

"दादा, ही घागरच आहे! आतल्या पोकळीचा नि तोंडाचा मिळून एक सूर होतो. तुमची पेटी तेवढाच घुमवते, बाकी सगळं बुडवते! माप कुठून घेतलंत?"

"नजरंनंच की!"

"पेटी मग दुरुस्त करू. आधी आमची बाळी वाचवा! माझा मिस्ड कॉल आला की वाजवा, दुसरा आला की बंद. अंगद, तू इथंच थांब!"

ती धावत घरी पोचली. सुभद्राबाईंच्या चिमट्यात बिब्बा धुमसत होता. आई रडत होती, पण बाळीला सोडत नव्हती.

"थांबा! मी सांगेन तेव्हाच भांडी वाजतील!"

तिनं आईच्या मोबाइलवरून कॉल दिला. काहीच नाही! बिब्बा खाली झुकला...

खण्ण! ताटं थरथरली. दुसरा कॉल. सगळं शांत!

"अगं बया!" सुभद्राबाईंच्या हातून चिमटाच गळून पडला.

सूर्य टेकला तेव्हा राधाकिशनदादानं फळी थडथडू नये म्हणून पेटीत आतून दोन आडव्या पट्ट्या ठोकल्या होत्या आणि घुमणारा सूर खाली उतरावा म्हणून भोकात पाइपाचा तुकडा बसवला होता. आवाज निम्म्यावर आणला, तरी ढोल वेगळा वाजला, ढोलकी वेगळी! मांडणी गप्प. बाळी चुटूचुटू दूध पीत होती.

"लई हुशार गं माझी लेक!" आईनं तिची दृष्ट काढली. सुभद्राबाईंनीही खाली मान घालून तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

म्हाळू मात्र कोपऱ्यात सदरा वर करून पोटावरचे दोन गोल बोटानं चाचपत होता.

"ताई," त्यानं विचारलं, "माझ्या येळी कावून कुणीच शोधलं न्हाई?"